लेटा काउंटी: भांडणातून मिळालेलं विद्यापीठ

मॉस्को म्हटलं की आपल्याला रशियाच आठवतो. पण अमेरिकेत आयडाहो राज्यातही एक मॉस्को आहे, लेटा काउंटीचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण माणसं किती? 2020 च्या जनगणनेत 39,517! त्यातली 25,435 एकट्या मॉस्कोत. बाकी पलूसच्या (सांगलीचं नव्हे!) गोल टेकड्यांवर गहू, मसूर, हरभरा, आणि पुढे जंगल.

एवढ्याशा गावात राज्याचं विद्यापीठ आलं कसं? तर राजकारणाने.

आयडाहो प्रांताची पहिली राजधानी उत्तरेकडचं लुइस्टन. दोनच वर्षांत ती दक्षिणेला बॉयसीत गेली. मधे सगळे डोंगर. उत्तरवाले चिडले आणि शेजारच्या वॉशिंग्टन प्रांतात जायचं म्हणू लागले. 1887 मध्ये तसं विधेयक अमेरिकन संसदेत मंजूरही झालं, पण अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सहीच केली नाही. झालं, विधेयक बारगळलं. त्यात मॉस्कोवाल्यांचं लुइस्टनशीही पटेना, कारण कोर्टकचेरीसाठी तिकडे घाट उतरून जावं लागे. 1888 मध्ये थेट अमेरिकन संसदेने कायदा करून लेटा काउंटी वेगळी काढली. हे काम एरवी प्रांताच्या विधिमंडळाचं. आणि 1889 मध्ये रुसलेल्या उत्तरेची समजूत काढायला विद्यापीठ मॉस्कोला दिलं. पुढच्याच वर्षी आयडाहो अखंड राज्य झालं. वर्ग भरायला मात्र 1892 उजाडलं.

या सगळ्या ओढाताणीत नेझ पर्स लोकांना कोणी विचारलं नाही. मुलूख त्यांचा. 1863 च्या कराराने त्यांची राखीव जमीन सुमारे 90 टक्क्यांनी कापली, 1877 मध्ये युद्ध झालं. विद्यापीठाचा इतिहास सांगताना ही पानं गाळता येत नाहीत, असं माझं मत.

त्या विद्यापीठाची किंमत कळते ती याच काउंटीतल्या पॉटलॅच गावाकडे बघून. लाकूड कंपनीने अख्खं गाव वसवलं, 1906 मध्ये प्रचंड मोठी सॉ मिल सुरू केली. 1980 च्या दशकात ती बंद पडली. गाव आहे, पण मिल गेली आणि गावाचा पोशिंदाच गेला. मॉस्कोत दर वर्षी नवी पोरं येतात, खोल्या भाड्याने जातात, दुकानं चालतात.

आणि हो, राजधानी बॉयसीत घड्याळ अजूनही मॉस्कोच्या एक तास पुढे असतं. राज्य एक, टाइमझोन दोन!