मनोविकलता आणि बंदुकीचा परवाना

भगवान मल्लिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे जैन यात्रेकरूंना सुपरिचित असलेले हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर 1948 च्या पोलीस कारवाईपर्यंत निझामाच्या अमलाखाली होते. आणि त्या दौलतीचे वेड्यांचे इस्पितळ, 1953 साली हैदराबादेस हलविले जाईपर्यंत, मराठवाड्यातच जालन्यास होते. शेजारच्या ब्रिटिश मुलखात 1912 च्या कायद्यान्वये मनुष्यास अशा इस्पितळात पाठविण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देत असे, म्हणजे वेड ही जितकी वैद्यकाची तितकीच फौजदारीची बाब मानली जाई.

हाच दृष्टिकोन 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आलेल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात उतरला. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची सोय त्यात आहे. परंतु अर्जदार मनोविकल असल्याचे मानण्यास परवाना अधिकाऱ्यास कारण वाटले, तर चौदाव्या कलमाने परवाना नाकारणे त्याला भाग आहे. मनोविकल कोणास म्हणावे, याची व्याख्या मात्र अधिनियमात नाही. स्वित्झर्लंडात रोलांड कून यांनी इमिप्रॅमिन या औषधाचा विषण्णतेवरील गुण अवघ्या दोन वर्षांपूर्वी, 1957 साली, प्रसिद्ध केला होता. तेव्हा गोळी घेऊन रोज शेतावर वा कचेरीत जाणारा रुग्ण कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे नसावा, यात नवल ते काय!

2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जासोबत मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला आवश्यक केला. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मात्र विचार, भावावस्था वा स्मृती यांचा असा गंभीर बिघाड, की ज्यायोगे निर्णयशक्ती किंवा नित्य व्यवहार चालविण्याची क्षमता फार ढासळते, त्यालाच आजार म्हटले. पूर्वी घेतलेले उपचार एवढ्यावरून आजार ठरत नाही, आणि आजार असला तरी सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्यावाचून मनुष्य मनोविकल ठरत नाही, असेही स्पष्ट केले. अमेरिकेचा 1968 चा बंदूक कायदाही अधिकृत निर्णयाकडे किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केले गेल्याकडे पाहतो, औषधाच्या चिठ्ठीकडे नव्हे.

माझ्या मते गोळीवरून माणसाची पारख करणारा दाखला दुहेरी घातक आहे: खरा धोका त्यातून निसटतो, आणि परवान्याच्या भयाने शेतकरी डॉक्टरचा उंबरठा टाळतो. म्हणून हिंगोलीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणाऱ्याने उपचार लपवू नयेत. अर्ज फेटाळला गेल्यास लेखी कारणे मागावीत, कारण लोकहितास बाध येत नसेल तर ती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अठराव्या कलमाखाली अपील करावे.