इरईच्या चुनखडकावरचे ओरखडे

निफाडचा पारा घसरला की त्याची बातमी होते. पण महाराष्ट्रातल्या खऱ्याखुऱ्या हिमयुगाचा पुरावा निफाडच्या शिवारात मिळणार नाही. तिथली काळी माती बेसॉल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. त्याआधीच्या, तीस कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या खुणा पाहायच्या तर चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला पैनगंगेकाठी इरई गाव गाठावे लागते. (इरई धरण वेगळे.)

इथला महत्त्वाचा कागद १८७५चा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये फेडन यांचे छोटे टिपण आहे. नदीकाठी उघडा पडलेला चुनखडक घासून गुळगुळीत झालेला, त्यावर ओरखडे आणि खाचा, आणि त्याच्यावर तालचेर थराचे दगडगोटे. शीर्षकात मात्र त्यांनी नदीच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फाचा उल्लेख केला. हा तर्क त्यांचा एकट्याचा नव्हता. या थराला जिथून नाव मिळाले त्या ओडिशातल्या तालचेरला बारीक गाळात रुतलेले मोठाले धोंडे पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच बर्फाचे नाव घेतले होते. वाहते पाणी गाळ निवडते, जड आधी टाकते आणि हलका पुढे नेते. धोंडा आणि चिखल एकाच थरात मांडणे पाण्याचे काम नव्हे.

वेगेनरने भूखंड सरकतात हे १९१२ मध्ये मांडले. त्याआधी चंद्रपुरात ध्रुवाजवळचे बर्फ असेल, हे कोणाला सुचणार? म्हणून फेडन यांचे निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे वाचायला हवे. अनुमान मागे पडले, ओरखड्यांची नोंद टिकली. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी याच जागेवर लेख लिहिला आणि तिथे जमिनीवरून सरकणाऱ्या हिमनदीचे काम वाचले.

या बर्फाच्या काळातला समुद्र मात्र इरईत शोधू नये. तो सापडला छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला, हसदेवच्या काठी. तिथल्या तालचेर थरांतल्या थंड समुद्रातल्या शिंपल्यांची नोंद १९५०च्या दशकात झाली. म्हणजे बर्फाने कुठे जमीन खरवडली, तर कुठे खरवडलेला गाळ समुद्राच्या उथळ काठाशी गेला.

ही प्रक्रिया आज अंटार्क्टिकात चालू आहे. इतर खंडांची समुद्रबूड जमीन साधारण शंभर-दोनशे मीटर खोल असते आणि किनाऱ्यापासून बाहेर उतरत जाते. अंटार्क्टिकाची सरासरी पाचशे मीटरच्या आसपास खोल आहे, आणि पुष्कळ ठिकाणी उलटी, खंडाच्या दिशेने उतरते. पुन्हापुन्हा पुढे सरकलेल्या बर्फाने किनाऱ्याजवळचा तळ अधिक कोरला, आणि बर्फाच्या वजनाने खंडही खाली दबला. खरवडलेला माल बर्फाने समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या कडेशी टाकला. सुटलेले हिमनग वितळताना त्यांतले दगड एकेक करून तळच्या चिखलात पडतात. काही हिमनगांची बुडे तळाला टेकतात आणि चिखलात लांब चर पाडतात.

भारताचे ‘भारती’ केंद्र २०१२ पासून प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे. त्याच उपसागराच्या तळाला १९८८ मध्ये महासागर-वेधन मोहिमेने भोके पाडली. वर आलेल्या गाभ्यांत चिखल, वाळू आणि गोटे एकत्र मिसळलेले होते. गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या जुळणीत या उपसागराच्या दक्षिणेकडची लॅम्बर्ट खचदरी महानदीच्या खचदरीसमोर येते, आणि तालचेर त्याच महानदीच्या खचदरीत आहे.