बाग नेमकी कुणाची? सिसिंगहर्स्टची गोष्ट आणि पुराव्याचं वर्ष

इतिहासाचा पुरावा हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: हा कोणत्या वर्षाचा? साधा वाटतो, पण भल्याभल्या समजुती त्याने हलतात. आज तो एका बागेवर वापरून बघू.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट आहे. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टने ही जागा १९३० साली विकत घेतली. तेव्हा तिथे बाग नव्हतीच. सोळाव्या शतकातल्या वाड्याचे अवशेष, एक उंच मनोरा, खंदकाचा काही भाग आणि सगळीकडे तण आणि कचरा. अठराव्या शतकात इथे फ्रेंच युद्धकैदी ठेवले होते, नंतर गावातले निराधार लोक. साफसफाईतच काही वर्षं गेली. त्या रानात जुन्या गॅलिका गुलाबाचं एक झुडूप मात्र तग धरून होतं. आज ती जात ‘सिसिंगहर्स्ट कॅसल’ याच नावाने ओळखली जाते.

आराखडा तिचा नवरा हॅरल्ड निकोल्सन याने केला: लांब सरळ वाटा आणि त्यांच्या बाजूला भिंती व यू झाडांच्या कुंपणांनी बनलेल्या खोल्या. लागवड व्हिटाची. ऋतूंचा प्रश्न त्यांनी जागा वाटून सोडवला. वसंताची एक खोली, उन्हाळ्याच्या सुरुवातीची दुसरी, उशिराच्या उन्हाळ्याची आणि शरदाची वेगळी. हिवाळ्याने आपलं आपण बघावं! ज्या खोलीचा बहर संपला, तिथे जायचं नाही. मालक स्वतःच फिरणारे असल्यावर हे चालून जातं.

यामागचं विज्ञान बघा. व्हिटाचे लाडके जुने गुलाब बहुतेक मागच्या वर्षीच्या फांदीवर, वर्षातून एकदाच फुलतात. म्हणजे जूनमध्ये डोळे दिपतात आणि नंतर उरतो नुसता पाला. हॅरल्डची वसंतातली वाट लिंडनच्या दोन रांगांमधली. तिथले कंद झाडांची पालवी दाट व्हायच्या आत ऊन घेऊन फुलतात, आणि मे संपताना तमाशा संपतो. झाडांचं वेळापत्रक मालकाच्या हौशीवर चालत नाही.

१९५९ साली व्हिटाने पामेला श्वर्ड्ट आणि सिबिल क्रॉइट्झबर्गर या दोघींना मुख्य माळी म्हणून नेमलं. दोघी वॉटरपेरी इथल्या मुलींच्या बागकामशाळेत शिकलेल्या. १९६२ मध्ये व्हिटा गेली, १९६७ मध्ये बाग नॅशनल ट्रस्टकडे आली. आता प्रश्नच बदलला. तिकीट काढून सप्टेंबरात आलेल्या माणसाला ‘जूनमध्ये या’ कसं सांगणार?

दोघींचं उत्तर होतं वेळ वाटणं. एकाच वाफ्यात थर लावायचे: आधी कंद, मग गुलाब, मग उशिरा फुलणारी बहुवर्षायू झाडं, मोकळ्या जागेत हंगामी रोपं आणि थंडी न सोसणारी, दरवर्षी छाटकलमांपासून नव्याने केलेली झाडं. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याने जागा भरायची. हे दिसायला सहज, करायला भयंकर कष्टाचं. प्रत्येक झाडाची उंची, फुलण्याचा काळ, छाटणीची वेळ डोक्यात हवी. दोघींनी हे तीसेक वर्षं केलं.

आता मूळ प्रश्नाकडे या. १९८०च्या दशकातला ऑगस्टमधल्या भरगच्च वाफ्याचा फोटो दाखवून ‘व्हिटाची बाग’ म्हटलं, तर ते अर्धसत्य आहे. सांगाडा हॅरल्डचा, दृष्टी व्हिटाची; पण तो लांबलेला बहर बराचसा दोन पगारी माळणींच्या कामातून आलेला. मालकिणीने लिहिलं, वर्तमानपत्रात तिचं सदर चालायचं, म्हणून तिचं नाव राहिलं. माळ्याचं काम मातीत होतं, आणि ते दरवर्षी पुसलं जातं.

यातून संवर्धनाचा खरा पेचही कळतो. जुनी बाग ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे कोणत्या वर्षाच्या? १९३९च्या, जेव्हा कुंपणंसुद्धा पुरती वाढली नव्हती? की १९६२च्या? की १९९०च्या? प्रत्येक उत्तराने कुणाचं तरी काम राखलं जातं आणि कुणाचं तरी उपटलं जातं.

तुमचा विषय वाडा असो, तळं असो, की देवराई: आज जे समोर दिसतं, त्याच्या प्रत्येक थराला तारीख लावा. मग तो थर कुणाच्या हातचा, हे शोधा. मालकाच्या नावावर लगेच थांबू नका.