सिंधुदुर्गाचा तट समुद्र कसा पोखरतो?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधून घेतला. साडेतीनशेहून अधिक पावसाळे हा तट लाटा झेलतो आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात.

धोका कुठून येतो?

• लाटा पायाजवळची वाळू आणि दगड ओढून नेतात. पाया पोकळ झाला की वरचा तट खचतो.
• खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते. ते सुकले की मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.
• भेगांत रुजलेल्या झाडांची मुळे चिरे सैल करतात.

समुद्राची पातळी वाढते आहे, त्यामुळे लाटांचा मारा आणखी वर पोहोचेल.

उपाय काय?

पायथ्याशी मोठे दगड टाकून लाटांचा जोर मोडता येतो. झाडे लहान असतानाच मुळासकट काढावी लागतात. सांधे चुन्यानेच भरावेत, कारण सिमेंट ओल आत कोंडते.

२०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मान मिळाला, पण लाटा थांबत नाहीत. म्हणूनच दर पावसाळ्यानंतर तटाची पाहणी आणि वेळेवर डागडुजी महत्त्वाची.