दादाचं सतरा महिन्यांचं वर्ष

फेब्रुवारी सरत आला की पुतण्याचा फोन ठरलेला. "काका, मार्चच्या आत काय खरेदी करू म्हणजे टॅक्स वाचेल?" मी मराठीचा मास्तर, मला काय कळतंय त्यातलं! पण त्या प्रश्नानं दरवेळी मला दादाचं दुकान आठवतं.

आमच्या दुकानाचं वर्ष मार्चला संपतच नसे. ते संपायचं दिवाळीत. आश्विनात गोदामातला माल मोजायचा, उधारी वसूल करायची, लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पुजायच्या आणि पाडव्याला पहिली नोंद. गंमत बघा, आपलं शक बदलतं गुढीपाडव्याला, व्यापाऱ्याची वही मात्र दिवाळीच्या पाडव्याला!

सरकारचं वर्ष तिसरंच. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली, म्हणून १८६० साली जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. तेव्हा सरकारी वर्ष १ मेला सुरू होई. ब्रिटनच्या हिशेबाशी जुळावं म्हणून १८६७ मध्ये ते १ एप्रिलवर आणलं.

तरी व्यापाऱ्याला आपलं वर्ष ठेवायची मुभा १९६१ च्या कायद्यातही होती. दिवाळी १९८५ ते दिवाळी १९८६ चा नफा १९८७-८८ च्या आकारणीत यायचा. म्हणजे मार्चला वह्या मिटवणाऱ्यापेक्षा पाच महिने जास्त हाताशी. काही हुशार मंडळी दोन धंद्यांना दोन वर्षं ठेवत. वर्ष निवडणं हेच तेव्हाचं करनियोजन!

ही सोय १९८९-९० च्या आकारणीपासून बंद झाली. सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपणार. जोडणी करताना दादाचं एक वर्ष दिवाळी १९८७ पासून थेट ३१ मार्च १९८९ पर्यंत लांबलं. सतरा महिने! १९८८ च्या लक्ष्मीपूजनाला तो म्हणाला, "पूजा झाली, पण वर्ष काही संपलं नाही रे."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्याचं काहीतरी खरंच हरवलं होतं. दिवाळीआधी शांतपणे माल मोजणारा दादा मार्चमध्ये धावपळ करू लागला. १९९३ च्या मार्चअखेर कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं कर्ज काढून टेम्पो घेतला. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून घसारा मिळाला निम्माच. हप्ते मात्र पुरे! टेम्पो भरेल एवढा माल आमच्याकडे नव्हताच. दोन वर्षांनी तो तोट्यात विकला. दादा एवढंच म्हणाला, "कर वाचवायला गेलो आणि भांडवल घालवलं."

म्हणून यंदा पुतण्याला म्हटलं, बाबा रे, लागत नसेल ते मार्चमध्ये घेऊ नकोस. १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता भर. नोंदणी असलेल्या लहान कारखानदारांची बिलं मुदतीत दे. करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नाही. २०२३-२४ पासूनचा नियम असा की ती थकली, तर ज्या वर्षी पैसे देशील त्याच वर्षी तो खर्च धरला जातो. बाकी तुझा सीए सांगेल.

आणि दिवाळीआधी एकदा गोदामातला माल मोज. तेव्हा हातात पाच महिने असतात, मार्चमध्ये पाच दिवस.

तो म्हणाला, "काका, बाबा असंच करायचे ना?"

हो रे. असंच करायचा.