आईच्या कुळाचा मुत्सद्दी

दोन डगरींवर हात ठेवू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण अलेक्झांडर मॅकगिलिव्हरेची हकिगत वाचली आणि वाटलं, ज्याचा मुलूखच दोन डगरींच्या मध्ये, त्यानं करावं तरी काय?

आजच्या जॉर्जिया-अलाबामात क्रीक लोकांची गावं होती. अलेक्झांडरचा बाप स्कॉटिश व्यापारी, आई सेहॉय क्रीक. आपल्याकडे तो बापाच्याच नावावर गेला असता. क्रीकांत कूळ आईचं. म्हणून तो आईच्या 'वारा' कुळाचा, पुरता क्रीक. इंग्रजी शिक्षण बापामुळे मिळालं, मान आईमुळे.

1783 मध्ये इंग्लंड हरलं आणि मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन मोकळं झालं. क्रीकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. घर आपलं आणि खरेदीखत परक्यांनी परस्पर उरकलेलं! जॉर्जियाचे लोक जमिनीत घुसू लागले, तेव्हा 1784 मध्ये यानं पेन्साकोलाला जाऊन स्पेनशी तह केला. फ्लोरिडा तेव्हा स्पेनकडे होता. बंदुका, दारूगोळा तिकडून मिळू लागला.

मग वॉशिंग्टननंच त्याला बोलावणं धाडलं. न्यू यॉर्क तेव्हा राजधानी. सरदारांचा मुक्काम उपाध्यक्षांची पत्नी ॲबिगेल ॲडम्स हिच्या घराजवळच होता; तिनं बहिणीला पत्रातून त्यांच्याबद्दल कळवलंसुद्धा. 7 ऑगस्ट 1790 ला तह झाला. क्रीकांनी ओकोनी नदीपर्यंतची जमीन सोडली, उरलेलीची हमी मिळवली. शिवाय गुप्त कलमं होती: मॅकगिलिव्हरेला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा, वर्षाला 1200 डॉलर. पुढे स्पेननं त्याहून मोठा तनखा दिला, तोही यानं घेतला. धुतल्या तांदळाचा नव्हताच तो; त्याच्या मळ्यावर आफ्रिकी गुलाम राबत होते. पण दोघांनाही आपली गरज आहे तोवरच आपली जमीन आहे, हे त्यानं नेमकं ओळखलं होतं.

मला खटकलं ते तहातलं वेगळंच कलम. क्रीकांनी शिकार सोडून शेतकरी व्हावं, म्हणून अमेरिका त्यांना गुरं आणि शेतीची अवजारं देणार होती. अहो, मका नि घेवडा क्रीक बायका पिढ्यान्‌पिढ्या पिकवत होत्या! ती शेती कोणाच्या हिशेबातच आली नाही. पुरुष शिकारीला जातात, एवढंच दिसलं.

1793 मध्ये तो पेन्साकोलाला वारला. एका व्यापारी मित्राच्या बागेत त्याला पुरलं. मालमत्ता मात्र त्याच्या मुलांकडे गेली नाही. क्रीक रिवाजाप्रमाणे ती बहिणींनी ताब्यात घेतली.