उसन्या सुरांची कॉन्सर्टिना

कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरून भात्याने वाजवायचं छोटं वाद्य. जुन्या कॉन्सर्टिनात दुसऱ्या वाद्याचे सुटे भाग बसवले की ती अस्सल उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. लंडनमधल्या कॉन्सर्टिना बनवण्याच्या धंद्याचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८२९ आणि १८४४ साली या वाद्यासाठी पेटंट घेतली. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या लुई लाशनाल या स्विस कारागिराने यंत्रांवर भाग तयार करण्याची पद्धत रुळवली आणि पुढे स्वतःचा कारखाना थाटला. म्हणजे सुटे भाग जुळवणं हा मूळ धंद्याचाच रिवाज. वाद्याची रचनाही त्याला साजेशी आहे. प्रत्येक सूर म्हणजे एक पोलादी पट्टी; ती पितळी चौकटीत स्क्रूने आवळलेली असते आणि ती चौकट लाकडी तबकाच्या खाचेत नुसती दाबून बसवलेली असते. त्यामुळे ती सहज निघते.

एक वाद्य वाचवायला दुसरं मोडायचं का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. दुरुस्त होण्याजोगं वाद्य मोडणं ही नासधूसच. पण भाता कुजलेला, लाकूड किडलेलं, अशा वाद्यातला शाबूत सूर अडगळीत गंजू देण्यात कसलं जतन? शिवाय उसना सूर आयता जुळत नाही. पट्टी टोकाशी घासली की तो चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. म्हणून अस्सलपणाची कसोटी भागांच्या जन्मस्थळावर लावू नये. काय बदललं याची प्रामाणिक नोंद ठेवली का, हे पाहावं.